करीमचाचांचं सिमेंटचं टेबल

करीमचाचा कुणाच्याही घरी गेले की आधी वाटीभर पाणी मागत. प्यायला नव्हे. वाटी टेबलावर ठेवायची, एक डोळा मिटून पाण्याकडे पाहायचं आणि निकाल द्यायचा, "थरथरते!" मी गावचा पोस्टमास्तर; माझं नवंकोरं सागवानी टेबल त्यांनी असंच बाद केलं. "मास्तर, याच्यावर तार लिहू नोका. मजकूर बदलून जाईन."

चाचा आमच्या गावात कापसाच्या जिनिंग कारखान्यात फिटर होते. एक दिवस बरी चाललेली नोकरी त्यांनी सोडली आणि लिलावातला जुना हातलेथ, म्हणजे हातानं चाक फिरवून लोखंड तासून गोल करायचं यंत्र, बैलगाडीत घालून घरी आणला. का, म्हणून विचारलं तर "कंटाया आला." आता लोकांच्या लोखंडी दांड्या कातून त्यावरच घर चालवायचं होतं. पण लाकडी टेबलावर लेथ असा नाचे, की गोल दांडी वांग्यासारखी निघे.

"लाकूड जितं असते मास्तर, कूस बदलते. आपुन सिमिटाचं टेबल करू!"

सिमेंट आम्ही तोवर फक्त पुलाला पाहिलेलं. चाचांनी घराच्या पुढच्या खोलीत फळ्यांचा साचा ठोकला, आत बैलगाडीच्या चाकांच्या जुन्या लोखंडी धावा सरळ करून घातल्या. अख्खी गल्ली जमली. मीही धोतर खोचून घमेली उचलली. मग सात दिवस चाचा त्या टेबलाला ओली पोती पांघरत होते. जवळ कुणी मोठ्यानं खोकललं तरी ओरडत.

आठव्या दिवशी साचा काढला. वाटीतलं पाणी ढिम्म हललं नाही. पण टेबल जेमतेम माझ्या गुडघ्याच्या वर! गल्ली पोट धरधरून हसली.

"काहून हासून राह्यले? चुकलं असन माप," चाचा म्हणाले आणि त्यांनी दार लोटून घेतलं.

मला मात्र वाईट वाटलं. एकदा ओतलेलं सिमेंट काही वाढत नाही, आणि नोकरी तर गेलेली. दुसऱ्या दिवशी सकाळीच मी कुदळ घेऊन गेलो. लेथपुढे खड्डा खणायचा आणि चाचांना त्यात उभं करायचं, असा माझा तोडगा होता.

आत पाहिलं आणि थबकलो. अमिनाचाची, म्हणजे चाचांची बायको, तापात पाय गेल्यापासून वर्षभर आतल्या खोलीत बाजेवर पडून होती. ती बाज आता टेबलाला लावलेली. चाची तिच्यावर बसून दोन्ही हातांनी लेथचं मोठं चाक फिरवत होती. समोर खोक्यावर बसून चाचा दांडी कातत होते.

"पाहा मास्तर, कवाचे वरडून राह्यले माह्यावर," चाचीनं तक्रार केली. चेहरा मात्र असा फुललेला, की मी कुदळ हळूच दाराआड ठेवली.

चाचांनी मान वर केली नाही. "मी जिनात जायचो, अन् हे दिवसभर येकटी छताकडं पाहात राहे. माप बाजेवर बसल्या हिच्याच हाताचं घेतलं." मग हळूच म्हणाले, "बाहेर सांगू नोका. चाचा चुकला म्हना."

बाहेर गल्ली वाट पाहत होती.

"साफ चुकलंय माप," मी सांगितलं, आणि सगळ्यांबरोबर पोटभर हसून घेतलं.