दहा हजार ओके

पंपांच्या कारखान्याचं काम सकाळी छापखान्यात आलं. तपासून झालेल्या प्रत्येक पंपावर चिकटवायची दहा हजार लेबलं. मजकूर म्हणजे एकच इंग्रजी शब्द, 'ओके'. जुळाऱ्याने तो पाच मिनिटांत शिशाच्या अक्षर-खिळ्यांत जुळवला, कच्चा छाप काढला आणि मास्तरांच्या टेबलाशी आला.

"घ्या मास्तर, जन्मातलं सगळ्यात सोपं काम. सही ठोका, मी मशीनवर चढवतो."

शाळेतून निवृत्त झाल्यापासून मास्तर इथे छापायच्या आधी चुका तपासायला बसत. त्यांची सही झाल्याशिवाय कागद मशीनवर जात नसे. त्यांनी छाप दिव्याखाली धरला, नाकाजवळ आणला, लांब नेला. मग कारखान्याचं पत्र मागितलं.

"पत्र कशाला? दोनच अक्षरं आहेत."

"पत्रात दोन आहेत. सोबतच्या नमुन्यात दोन अक्षरं आणि प्रत्येकापुढे टिंब. आणि खाली साहेबांनी हाताने लिहिलंय त्यात चार अक्षरं. यातलं छापायचं कुठलं?"

"वाचायला तिन्ही सारखंच ना?"

"तुझं नाव कुणी तीन तऱ्हांनी लिहिलं तर चालेल तुला?"

"मास्तर, माझं नाव कुणी एका तऱ्हेनेसुद्धा लिहीत नाही. सगळे 'ए' म्हणतात."

मास्तरांनी कपाटातून कोश काढले. जाड कोश दोन अक्षरांच्या बाजूचा होता, पण चार अक्षरं चालतील म्हणत होता. पातळ कोश चार अक्षरांच्या बाजूचा होता, पण दोनही चालतील म्हणत होता. टिंबांबद्दल दोघांनी कानांवर हात ठेवले होते. दुपार त्यातच गेली.

संध्याकाळी ताई टेबलाशी आली. वडील थकल्यापासून छापखाना तीच पाहत होती. लहानपणी ती याच टेबलाखाली बसून रंगीत कागद कापायची.

"काका, एका शब्दाला अख्खा दिवस?"

"शब्द छोटा आहे गं. भांडण मोठं आहे."

"डोळ्यांना त्रास होतोय का? खरं सांगा. मी बाबांशी बोललेय. या महिन्यानंतर तुम्हाला जरा आराम देऊ या."

तिने ते मायेने म्हटलं, म्हणून मास्तरांना जास्तच लागलं. घरी मुलगा होता, सून होती, दोन वेळचं गरम जेवण होतं. नव्हतं ते एवढंच, की "हे बरोबर आहे का बघा" असं म्हणून त्यांच्यापुढे कुणी काही ठेवत नव्हतं. जगात तसं विचारणारं एकच टेबल उरलं होतं, आणि ते महिनाअखेर जाणार होतं.

त्या रात्री जेवताना ते नुसते ऐकत बसले. सुनेला मुलगा म्हणाला, "उद्या नळवाल्याला बोलवतो, ओके?" सून म्हणाली, "ओके," आणि तिच्या चेहऱ्यावरून स्पष्ट दिसलं, की तो बोलावणार नाही हे तिला ठाऊक आहे. मग मुलाने फोनवर कुणाला तरी तीनदा ओके म्हटलं. त्याचा अर्थ 'आता पुरे करा' असा होता. दाताचा डॉक्टर ओके म्हणतो तेव्हा पुढे दुखणार असतं. मास्तर विचारात पडले. एवढी माणसं दिवसभर हा शब्द एकमेकांना देतात, पण त्याची हमी कोण घेतं?

दुसऱ्या दिवशी त्यांनी कारखान्याला फोन केला. तपासणीचे साहेब जागेवर नव्हते. कारकून म्हणाला, "कसंही छापा हो, ओके?" आणि त्याने फोन ठेवला.

पाच वाजता मास्तरांची डोळ्यांच्या डॉक्टरांकडे वेळ होती. साहेबांचा निरोप येईपर्यंत काम थांबवावं, म्हणून त्यांनी छापावर शेरा लिहायचं ठरवलं. शेरे ते पेन्सिलीने लिहीत. पण पेन्सिल जुळाऱ्याच्या कानावर होती आणि जुळारी चहाला गेला होता. हाताशी लाल पेन होतं. त्यांनी शब्दाखाली सुबक अक्षरांत लिहिलं, 'तपासले, पण खात्री नाही.' सवयीने खाली सही केली, कागद भिंतीवरच्या खिळ्याला टोचला आणि ते निघाले.

आता या छापखान्यात एक नियम होता, आणि तो मास्तरांनीच घातला होता. जुळाऱ्याने पूर्वी एकदा एका शोकसभेच्या पत्रकात स्वतःच्या मनाने 'हार्दिक स्वागत' घातलं होतं. रिकामी जागा दिसली म्हणून. तेव्हापासून मास्तरांची सक्त ताकीद होती: लाल शाईत असेल ते जसंच्या तसं जुळवायचं, डोकं चालवायचं नाही.

जुळाऱ्याने डोकं चालवलं नाही. तरी त्याने ताईला विचारलं, "खाली एक ओळ वाढलीय. घेऊ?"

ताई फोनवर होती. कारखान्याचाच फोन होता, लेबलं कुठे आहेत म्हणून. "मास्तरांची सही आहे ना? मग छाप."

दहा हजार लेबलं सकाळी कारखान्यात पोचली.

चार दिवसांनी तपासणीचे साहेब स्वतः छापखान्यात आले. त्यांनी एक लेबल टेबलावर ठेवलं. ताईने वाचलं, आणि खुर्चीचा हात घट्ट धरला. जुळाऱ्याला अचानक शाईच्या डब्यांची मोजदाद आठवली.

"हे कुणी लिहिलं?" साहेबांनी विचारलं.

मास्तर उभे राहिले. "मी. छापण्यासाठी नव्हतं. पण चूक माझी आहे, पोरांची नाही."

"छापायला मी सांगितलं," ताई म्हणाली. "न वाचता."

"न वाचता आम्हीही चिकटवलं," साहेब म्हणाले. "दोनशे पंपांवर. वाचलं ते गाडीवाल्याने. म्हणाला, तुम्हालाच खात्री नाही तर मी माल गाडीत कशाला भरू? आमची माणसं त्याच्यावर ओरडली. पण तो हटेना, म्हणून खोके उघडले. अकरा पंपांत आतली रबरी चकतीच बसवलेली नव्हती."

ताईने लेबल उचलून पुन्हा एकदा वाचलं.

"ते पंप इस्पितळात जायचे होते," साहेब हळू म्हणाले. "सव्वीस वर्षं मी ओके चिकटवतोय. आजवर तो शब्द कुणी वाचला नव्हता. मीसुद्धा."

जुळारी पुढे सरकला. "साहेब, मग तो दोन अक्षरी का चार?"

"कसाही छापा. खालची ओळ तेवढी काढा." मग ते ताईकडे वळले. "माझं दुसरंच काम आहे. आमच्याकडे तपासायला सहा माणसं आहेत आणि सहाही जणांना सगळ्याची खात्री असते. हे मास्तर मला द्या."

मास्तरांनी विचारलं, "तिथे बसायला जागा कुठे आहे?"

"मोठ्या खिडकीपाशी. भरपूर उजेड."

"असं?" मास्तर म्हणाले आणि विचार करू लागले.

ते खरोखरच विचार करताहेत हे दिसताच ताई उठली. "काका कुठेही जाणार नाहीत."

"तू तर आराम म्हणत होतीस."

"मी न वाचता बरंच काही बोलते." ती जुळाऱ्याकडे वळली. "ए, त्या खिडकीपुढचे कागदाचे गठ्ठे हलव. आत्ता."

"ताई, ते दहा वर्षं तिथेच आहेत!"

"म्हणूनच हलव."

गठ्ठे हलवायला तासभर लागला. मागून धुळीने भरलेली काच निघाली. ती पुसल्यावर भर दुपारचा उजेड आत आला, आणि टेबल तिथे सरकवून मास्तरांना बसवलं गेलं. ताईने त्यांच्यापुढे बारीक टायपाचा एक कागद ठेवला. त्यांनी तो नाकाजवळ न नेता वाचला आणि तिसऱ्या ओळीवर बोट ठेवलं.

"आता दिसतं ना, काका?" ताईने विचारलं.

"दिसत तेव्हाही होतं गं," मास्तर म्हणाले. "आता लवकर दिसतं."