हस्तिदंती की मोतिया

बिबवेवाडीतल्या एका सहकारी सोसायटीने आपल्या हॉलला रंग द्यायचे ठरवले. दोन रंग पसंत पडले, हस्तिदंती आणि मोतिया. तुलनेसाठी भिंतीवर दोहोंचा एकेक पट्टा शेजारी शेजारी मारण्यात आला आणि निर्णय होईपर्यंत हॉल बंद राहील, असे सचिव श्रीनिवासरावांनी फळ्यावर लिहिले.

तिसऱ्या मजल्यावरच्या अय्युबभाईंच्या मुलीचा, बिलकिसचा साखरपुडा पुढच्या महिन्यात याच हॉलमध्ये व्हायचा होता. पाहुण्यांना आमंत्रणे गेली होती. स्वारगेटचे आपले बॅगांचे दुकान लवकर बंद करून ते सचिवांकडे गेले.

"कुठलाही लावा, आम्हाला चालेल," ते म्हणाले.

"म्हणजे आपल्याला मत नाही," श्रीनिवासराव म्हणाले. "मत नसलेल्यांसाठी हॉल उघडायची तरतूद नाही."

सभेत मते समसमान पडली. निवृत्त चित्रकला शिक्षिका आणि रंग समितीच्या सदस्य सुनीतीबाईंनी हरकत घेतली की मोतियावर दुपारचे ऊन पडते, ही त्याला मिळालेली अनुचित सवलत होय. खिडक्यांना काळे कापड लावले. पट्टेच दिसेनात, म्हणून दिवा आणला. तो पिवळा निघाला. पांढऱ्या दिव्याखाली दोन्ही रंग सारखेच दिसू लागले, तेव्हा दोष बघणाऱ्यांच्या डोळ्यांत आहे असा ठराव एकमताने संमत झाला.

हॉलमध्ये नेत्रतपासणी शिबिर भरले. मोतीबिंदू असलेल्यांनी मोतियाला मत देणे म्हणजे हितसंबंध, सबब शस्त्रक्रियेपर्यंत त्यांचा मताधिकार गोठवण्यात आला. मोतिया गटाने भराभर शस्त्रक्रिया उरकल्या. पट्टी सुटल्यावर त्यांना हस्तिदंतीच उजवा दिसला. असल्या फितुरांबरोबर बसायचे नाही, म्हणून मूळचे हस्तिदंतीवाले मोतियाकडे गेले. मते पुन्हा समसमान.

साखरपुडा पार्किंगमध्ये झाला. अय्युबभाईंनी स्वतः स्कूटर ढकलून रस्त्यावर लावल्या. व्याह्यांनी बंद दाराकडे पाहत कारण विचारले, तेव्हा अय्युबभाईंची मान खाली गेली.

"आत डोळे तपासतायत," बिलकिसनेच सांगून टाकले. व्याही मनापासून हसले आणि अय्युबभाईंना महिन्याभरात प्रथमच धड श्वास घेता आला. दोन्ही गट वेगवेगळ्या पंगतींत बिर्याणी जेवून गेले.

हॉल अजून बंद आहे. वैतागून सुनीतीबाईंनी राजीनामा दिल्याने रंग समितीत एक जागा रिकामी झाली आहे. दोहोंत खरोखर चांगला रंग कोणता, हे कळावे म्हणून ज्या वाचकाचा जीव इथपर्यंत टांगणीला लागला होता, त्याने अर्ज करावा. डोळे तपासून घेतले जातील.