लोकं आयकून रायले

रेडिओचं बटण फिरवायच्या आधी सरूकाकू डोक्यावरून पदर घ्यायच्या. अगदी नीट, कपाळापर्यंत. घरात पुरुष माणूस औषधालाही नव्हतं. त्यांचे यजमान जाऊन चार वर्षं झाली होती, आणि खोलीत असायचो फक्त आम्ही दोघी.

"काकू, पदर कोणासाठी?" मी एकदा विचारलं.

त्यांनी रेडिओकडे बोट दाखवलं. "थ्या मुंबईच्या मानसाचा आवाज अठी येते, तं आपला तठी जात नसन काय?"

"नाही जात."

"काहून?"

आता काय सांगणार, कपाळ! मी मुलींच्या शाळेत व्याकरण शिकवणारी बाई. तरी मी त्यांना केंद्र, लहरी, छपरावरची तार, सगळं समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "अकोटची मोटर जाते, त्याच रस्त्यानं वापस येते का नाई? का जायचा रस्ता अलग अन् याचा अलग?"

वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांतात होतं, वर इंग्रजांचं राज्य होतं, आणि अकोल्याच्या जठारपेठेत काकूंच्या माडीवर भाड्याच्या एका खोलीत मी होते. माझ्या मते वऱ्हाड, मध्यप्रांत आणि मी या तिघांमध्ये जास्त जाच मलाच होता. काकूंचे यजमान कापसाचे दलाल. मुंबईचे भाव कळावेत म्हणून त्यांनी तो भला मोठा रेडिओ घेतला होता. ते गेले आणि रेडिओ बायकांच्या हाती आला.

शनिवारी दुपारी मुंबईहून स्त्रियांचा कार्यक्रम लागायचा. कोणी डॉक्टरीणबाई, कोणी चित्रं काढणारी, कोणी परिषदेत भाषण करून आलेली. काकू तो कार्यक्रम डोळे मिटून ऐकायच्या. एका शनिवारी तो संपला आणि त्या एकदम म्हणाल्या, "मुंबईच्याच बायका बोलून रायल्या दर शनवारी. आपल्या अकोल्याच्या बायकायच्या तोंडात काय मूग भरले?"

त्या दिवसापासून माझ्या शनिवारांचं वाटोळं झालं.

शाळा सकाळची. उन्हातून घरी येऊन दोन घास खावेत आणि आडवं व्हावं, तर खालून हाक यायची, "मास्तरीनबाई, टाइम झाला!" खाली जाऊन पाहावं तर रेडिओसमोर पाट मांडलेला, पाटावर कोणीतरी बाई घामाघूम होऊन बसलेली, आणि काकू डोक्यावर पदर घेऊन तयार. मुंबईचा कार्यक्रम संपून नुसती खरखर उरली, की त्या मला कोपरानं ढोसायच्या. मग मी म्हणायचं, "हे अकोला, जठारपेठ. आता ऐकू या आपल्याकडच्या बायकांच्या गोष्टी."

"मीच का?" मी कितीदा तरी चिडून विचारलं.

"तुमचं मराठी पुन्याच्या लोकायले समजते."

माझं मराठी! मी अमरावतीची. घरी आम्हीही मले-तुलेच बोलायचो. पण ट्रेनिंगला गेले तेव्हा वर्गातल्या पोरी इतक्या हसल्या, की मी ती बोली घासूनपुसून काढली. आता त्याच शुद्ध मराठीचा हा उपयोग!

पहिली आली अकोटफैल वस्तीतली रशीदाबी, सुईण. अर्ध्या जठारपेठेची नाळ तिनं कापलेली. पाटावर बसल्यावर मात्र तिची बोबडी वळली. "मैं क्या बोलूं बाई? इस डब्बे कू क्या समझता?"

"बोल माय, लोकं आयकून रायले," काकू म्हणाल्या. हे त्यांचं ठरलेलं वाक्य. दुसरंही एक होतं. "लोकाले काय वाटलं थे राहू दे. तुले काय वाटलं थे सांग."

रशीदाबी बोलायला लागली ती चार वाजेपर्यंत थांबली नाही.

मग आली कापसाच्या जीनमध्ये सरकी वेचणारी तुळसा. मग पोरींच्या भुलाबाईच्या सणासाठी मूर्ती करणारी कुंभारीण. ती म्हणाली, मूर्तीचं नाक मी दरवर्षी माझ्या मेलेल्या बहिणीसारखं करते, आजवर कोणी ओळखलं नाही. एकदा तर सत्याग्रहात तुरुंगात जाऊन आलेल्या वकिलीणबाई आल्या. त्यांनी देशावर चार पानी भाषण लिहून आणलं होतं. काकूंनी पानं काढून घेतली आणि विचारलं, "जेलात भाकरी कोन थापे?"

वकिलीणबाईंनी मागे वळून दाराकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "मी नाही. सहा महिने मी चूल पाहिली नाही. सांगायला लाज वाटते, पण फार बरं वाटलं हो." आणि रडायलाच लागल्या. त्यांचे यजमान दारातच उभे होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पण या सगळ्यापेक्षा माझं डोकं फिरायचं ते शेवटच्या प्रश्नानं. बाई सुईण असो की सत्याग्रही, उठता उठता काकू विचारायच्याच, "माहेरी कधी गेली होती?" बाई उत्तर द्यायची. त्यावर काकू रेडिओच्या जाळीजवळ तोंड नेऊन म्हणायच्या, "मंग?" आणि थांबायच्या. खरखर ऐकत राहायच्या. मी घड्याळ बघत राहायचे.

एका शनिवारी परीक्षेच्या पेपरांचा गठ्ठा माडीवर वाट बघत होता, उकाड्यानं जीव चाललेला, आणि काकू जाळीपाशी "मंग?" करून बसलेल्या. माझा तोल गेला. तुळसासमोर, कुंभारणीसमोर मी ओरडले, "काकू, तो ऐकत नाही! लाकडाचं खोकं आहे ते! कोणी ऐकत नाही, एक माणूस ऐकत नाही!"

बायका चपापून उठून गेल्या. काकूंनी बटण बंद केलं, डोक्यावरचा पदर खाली घेतला.

"मले काय समजत नाई, मास्तरीनबाई?" त्या म्हणाल्या. "माये मालक सात वर्सं हा रेडिओ घेऊन बसले. भाव पडला का शिव्या देत त्याले. एक बी शिवी मुंबईले पोचली नाई."

मग त्यांनी फडताळातून पत्रांचा गठ्ठा काढला. सगळी पुण्याच्या एकाच पत्त्यावर लिहिलेली, न उघडता परत आलेली. काकूंना मुलगी आहे हे तेव्हा मला पहिल्यांदा कळलं. कुसुम. पुण्याला दिलेली. पहिल्या सणाला काकू तिकडे गेल्या तेव्हा विहीणबाई पंगतीत सगळ्यांना कुसुमच्या "मले-तुले"ची नक्कल करून दाखवत होत्या. काकूंनी भर पंगतीत त्यांना सुनावलं. झालं! पाच वर्षं माहेरपण बंद, पत्रं बंद. वडील गेले तेव्हाही तिला पाठवलं नाही.

"पत्र वापस येते," काकू म्हणाल्या. "इथून बोललेलं अजून काई वापस आलं नाई."

मी पाकिटांवरचा पत्ता वाचत राहिले.

"अन् तुमाले बोलाले लावतो, कारन माया आवाज आयकला तं विहीनबाई बटन बंद करन ना."

परीक्षेनंतरच्या सुट्टीत मला मावसबहिणीच्या लग्नाला पुण्याला जायचं होतं. काकू काही बोलल्या नाहीत. पत्ता मीच पाठ केला होता. भुसावळ, मनमाड करत पोचले, लग्न उरकलं आणि त्या घराची कडी वाजवली. "मी अकोल्याच्या शाळेत व्याकरण शिकवते," असं अगदी झोकदार मराठीत सांगितलं. विहीणबाईंनी प्रसन्न होऊन आत घेतलं. अकोल्याला इतकं शुद्ध बोलतात, असं म्हणाल्यासुद्धा! राग असा आला की विचारू नका.

कुसुम पाणी घेऊन आली. नाक काकूंचंच. मान खाली. सासू समोर ठाण मांडून बसलेली, निरोप सांगणार कसा? मग मी तेच केलं ज्याचा मला वर्षभर वैताग होता. बसल्या जागी म्हणाले, "आमच्याकडे दर शनिवारी बायकांचा कार्यक्रम असतो. हे अकोला, जठारपेठ, असं मी सांगते. सुईण येते, जीनमधली बाई येते. एक काकू त्यांच्याशी बोलतात. पाच वर्षांपूर्वी त्या पुण्याला आल्या होत्या. शेवटी प्रत्येकीला त्या एकच विचारतात, माहेरी कधी गेली होतीस?"

"इश्श, हे काय विचारणं झालं?" विहीणबाई म्हणाल्या.

कुसुमनं तांब्याभांडं खाली ठेवलं.

"मंग?" ती म्हणाली. "मंग काय म्हनते थे?"

"कुसुम! नीट बोल!"

कुसुमनं मान वर केली. "मी नीटच बोलून रायली," ती म्हणाली.

विहीणबाईंनी मला कुंकू लावलं नाही. दारापर्यंत मात्र आणून सोडलं, मी खरंच जाते आहे ना हे बघायला.

परत आले तो शनिवार होता. सामान माडीवर न नेता तशीच खाली गेले. काकू डोक्यावर पदर घेऊन रेडिओसमोर बसल्या होत्या. पाट रिकामा होता. मी पाटावर बसले.

"काय झालं?" काकूंनी विचारलं. आवाज इतका बारीक, की हा त्यांचाच का असं वाटलं.

मी पुस्तकी मराठीत सांगायला तोंड उघडलं, पण ते त्या भाषेत सांगताच येईना. घासूनपुसून काढलेलं सगळं एकदम तोंडाशी आलं. "काकू, थे सासूच्या तोंडावर मले मंग म्हनली. सासू म्हने नीट बोल. तं म्हनते कशी, मी नीटच बोलून रायली!"

काकूंनी पदर तोंडात धरला. हसत होत्या की रडत होत्या, मला सांगता येणार नाही, कारण माझेही डोळे भरले होते. कुसुम माहेरी येईल की नाही ते काही ठरलेलं नव्हतं. मग त्यांनी डोळे पुसले, रेडिओवरून हात फिरवला आणि माझ्याकडे वळून मान उडवली.

"अन् तुमी म्हनत होत्या, कोनी आयकत नाई."