तेरवीला नेलेला जुना कॅमेरा

खरेदी करावी तर आम्ही! नव्या वस्तूला भुलणारी माणसं बालाघाटात पैशाला पासरी मिळतात. पण जुनी वस्तू हातात घ्यायची, तिची नाडी बघायची आणि "हीच!" म्हणून सांगायचं, असा पारखी आमच्या पाणीपुरवठा ऑफिसात एकच, आणि तो म्हणजे मी, महेंद्र. माझी मोटरसायकल जुनी, घड्याळ जुनं, रेडिओ तर वडिलांच्या लग्नातला. माझी बायको मंजुषा म्हणते, "तरी बरं बापा, बायको नवी केली!"

आता हा वरचा परिच्छेद कॅमेरा घेण्याच्या आधीचा आहे असं समजून वाचा.

झालं असं, की लांजीकडच्या माझ्या सासरी मंजुषाचे आजोबा, फकिरा आबा, वारले. नव्वदी ओलांडलेला माणूस, खाऊनपिऊन, शेवटचा चहा पिऊन गेला. दुःख होतं, पण धक्का नव्हता. धक्का वेगळाच होता. आबांची दोन मुलं, म्हणजे माझे सासरे खेमराज आणि त्यांचे धाकटे भाऊ सुखरामकाका, वर्षानुवर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. शेताच्या बांधावर मोहाचं एक झाड आहे. झाड कुणाचं, हा वाद. मोहफुलं पडतात दोन्ही बाजूंना, झाडाला वाद ठाऊक नाही. पण हे दोघे एका खाटेवर बसायला तयार नाहीत. आबा होते तोवर काका निदान आबांसाठी दारात यायचे.

"आता कायले येतीन काका?" मंजुषा डोळे पुसत म्हणाली. "तेरवीले येतीन, थे शेवटचं. मले एकच पाह्यजे. बाबा आन काका एका फोटोत. माह्या लगनाच्या फोटोतही एक मांडवाच्या ह्या टोकाले, एक त्या टोकाले! तेवढा एक फोटो काढून द्या, मंग मी तुम्हाले जन्मभर काही मांगत नाई."

जन्मभर काही मागत नाही! असा सौदा कोणता नवरा सोडेल? मी तडक मेहुण्याला, पवनला, घेऊन बाबूलालच्या दुकानात गेलो.

बाबूलालने दोन कॅमेरे काउंटरवर ठेवले. एक नवाकोरा, एक जुन्या मॉडेलचा, कुणीतरी वापरून विकलेला.

"दोनो मिररलेस है साहब," बाबूलाल म्हणाला. "अंदर आईनाच नहीं रहता."

"जीजाजी, नया वाला घ्या," पवन म्हणाला. "गजेंद्र जीजाजीकडे हाच आहे. सब अपने आप करते."

गजेंद्र म्हणजे माझा साडू, नागपूरचा. सासरी दोन जावई असले की एक कायम तराजूत असतो, आणि तो मीच असतो. त्याच्याकडे आहे तोच कॅमेरा मी घ्यायचा? छट्! मी जुना उचलला. वजनदार, आटोपशीर, कडा थोड्या घासलेल्या. अनुभवी!

"पवन," मी म्हणालो, "नव्या मॉडेलमदे काय असते सांगू? जुनंच सारं असते, वरतून किंमत असते!"

बाबूलालने मान डोलावली. त्याचा तो जुना माल किती दिवसांपासून पडून होता, ते मला नंतर कळलं. "और ये तो सीधा जपान का है साहब! वहीं के लोगों के लिए बना हुआ!" मला ते कौतुक वाटलं.

घरी येऊन चालू केला आणि कौतुकाचा अर्थ कळला. आतली सगळी अक्षरं जपानी! पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत, मुंग्यांनी वरात काढावी तशी. भाषा बदलायची सोयच नाही.

"वापस कर दो जीजाजी," पवन म्हणाला.

"काहून? फोटोले भाषा लागते का?" मी खेकसलो. "चित्रं आहेत ना बाजूले!"

चित्रं होती. एक डोंगर, एक फूल, एक धावणारा माणूस आणि एक गोल हसरा चेहरा. मी डोकं चालवलं. तेरवीत डोंगर नाही. फूल आहे, पण ते हारात. धावणार कोणी नाही, जेवणाची पंगत सोडली तर. उरला चेहरा. माणसांचे फोटो काढायचे, तर माणसाचा चेहराच निवडला पाहिजे! मी हसरा चेहरा दाबला आणि मंजुषाला अंगणात उभं केलं.

बटण दाबलं. बारीक केशरी दिवा लागला. फोटो मात्र नाही! मी एक डोळा मिटला, गुडघा टेकला, लुंगी सावरली, पुन्हा दाबलं. मंजुषाला माझा तो अवतार बघून हसू फुटलं, आणि खट्ट! निघाला की फोटो! काय सुंदर फोटो!

"जरा येळ घेते," मी पवनला म्हणालो. "जुना हाय ना. इचार करून काढते."

आता मागे वळून बघितलं की वाटतं, तिथेच कुणीतरी माझ्या कानाखाली द्यायला हवी होती.

तेरवीचा दिवस उजाडला. मांडव पडला, तिरोडीपासून गोंदियापर्यंतचे नातेवाईक जमले. मधोमध आबांचा फोटो ठेवलेला. आधार कार्डावरचाच मोठा करून घेतला होता, त्यामुळे आबा सगळ्यांकडे "कोन तुमी?" अशा नजरेने बघत होते. गजेंद्र त्याचा नवाकोरा कॅमेरा गळ्यात घालून आला. माझ्या कॅमेऱ्याकडे बघून म्हणाला, "अरे वा महेंद्रभाऊ, हा अजून चालतो?" मी कॅमेरा शर्टाने पुसला. तेरवीत भांडू नये.

पगडी बांधायचा विधी सुरू झाला. थोरल्या मुलाला पगडी बांधतात, धाकटा शेजारी बसतो. म्हणजे सासरे, आमचे खेमराजमामाजी, आणि सुखरामकाका शेजारी शेजारी! मंजुषाने लांबून मला डोळ्याने खूण केली. मी तिपाईवर कॅमेरा लावला आणि बटण दाबलं.

केशरी दिवा. बास.

पुन्हा दाबलं. दिवा. मामाजींच्या डोळ्यांतून धारा, काकांची हनुवटी छातीला टेकलेली, पगडीचा शेवटचा वेढा बसत आलेला, आणि माझा कॅमेरा विचार करतोय!

"महाराज, एक मिनिट थांबता का? जरा हळू बांधा," मी म्हणालो.

सगळा मांडव माझ्याकडे वळला. सासूबाई, म्हणजे सीताबाई, जवळच बसल्या होत्या. त्या पदराआडून म्हणाल्या, "काय झालं जवाईबापू?"

"आरसा नसलेला कॅमेरा हाय आत्याबाई, नवीन पद्धतीचा."

"आरसाच नाई त त्याले थोबाड कसं दिसन?"

तेवढ्यात खट्ट! आपोआप! मी बटणाला हातही लावला नव्हता. पुन्हा खट्ट! मला हुरूप आला. चालू झाला! पण पडद्यावर पाहतो तो काय, पगडी बांधून झालेली आणि दोन्ही भाऊ उठून दोन दिशांना गेलेले. मंजुषाने तोंड फिरवलं. त्या मांडवात खरंखुरं रडू फक्त मला येत होतं.

मग मी शेवटचा उपाय केला. जेवणं व्हायच्या आधी मामाजींचे पाय धरले, मग काकांचे धरले. "आबांच्या फोटोसमोर एक मिनिट उभे राहा. मंजुषाची इच्छा आहे." लेकीचं नाव काढल्यावर दोघेही आले. उभे राहिले. मध्ये एक बैलगाडी आरामात गेली असती.

गजेंद्रने फटाफट फोटो काढले आणि स्क्रीन दाखवली. काय स्पष्ट फोटो! मिशांचा केस न् केस मोजावा. पण मामाजींचं तोंड गोंदियाकडे आणि काकांचं तिरोडीकडे. दोन वेगळ्या स्टेशनांवर उभे असल्यासारखे.

"माह्यात चांगला येईन," मी म्हणालो आणि बटण दाबलं. दिवा. दाबलं. दिवा! माझ्या मानेवरून घाम ओघळायला लागला.

"होते का नाई जवाईबापू? पाय दुखून राह्यले," काका म्हणाले.

"जरा जवळ सरका ना दोघं."

"त्याले म्हणा सरकाले," मामाजी माझ्याकडे बघून म्हणाले.

"त्याहिले म्हणा, मी काहून सरकू?" काकाही माझ्याकडेच बघून. "सरकाची सवय त्याहिले हाय. मोहाकडे कोन सरकलं होतं, इचारा!"

"जवाईबापू, त्याले सांगा, झाड माह्या बापानं लावलं होतं!"

"आन माहा बाप कोन होता? तहसीलदार?"

झालं! नवा कॅमेरा असता तर एव्हाना फोटो काढून माणसं पंगतीला बसली असती. माझ्या कॅमेऱ्याने त्यांना भांडायला भरपूर वेळ दिला. आवाज चढले. पंगतीत पत्रावळी मांडणारे थांबले. सासूबाई "आवो, आबाच्या तेरवीत तरी!" म्हणून ओरडल्या. मंजुषा खांबाला टेकून रडायला लागली, आणि मला दिसलं, की आता हा फोटो तर गेलाच, पण हे दोघे इथून उठले की पुन्हा एकमेकांचं तोंड बघणार नाहीत. आणि कारण कोण? मी! आणि माझी पारख!

मी तिपाई सोडून धावलो. दोघांच्या मध्ये घुसलो, एका हाताने मामाजींचा दंड धरला, दुसऱ्याने काकांचा आणि ओढलं. आयुष्यात पहिल्यांदाच त्या दोघांचं एकमत झालं. दोघांनी एकाच वेळी हात झटकले.

मी मागे गेलो. मागे पंगतीसाठी मठ्ठा करून ठेवलेला भलामोठा गंज, म्हणजे पातेलं, होता. त्यात मी बसलो. नुसता बसलो नाही, अडकलो! ढुंगण तळाला, पाय आभाळाला, आणि अख्ख्या गावाचा मठ्ठा मांडवाच्या छतापर्यंत. कोथिंबिरीची एक काडी माझ्या नाकावर.

सगळ्यांच्या माना गंजाकडे वळल्या.

मग कुठूनतरी "फिस्स" असा आवाज आला. ते सुखरामकाका होते. मग मामाजींच्या पोटात काहीतरी हललं. पगडी थरथरली. आणि दोघे भाऊ असे हसायला लागले, असे हसायला लागले, की मामाजींना उभं राहवेना, म्हणून त्यांनी काकांच्या खांद्याला धरलं. सगळा मांडव हसला. गजेंद्र बिचारा कॅमेरा टाकून मला ओढायला धावला होता. आणि तिकडे तिपाईवर खट्ट! खट्ट! खट्ट!

मला गंजातून काढायला चौघं लागले. एव्हाना हसणाऱ्यांना आपण तेरवीत आहोत याची आठवण झाली होती. सगळ्यांनी घाईघाईने चेहरे लांब केले. काका जेवले आणि मामाजींकडे न बघता घरी गेले. मंजुषा मला लुंगी देताना एवढंच म्हणाली, "राहू द्या. तुमच्यानं नाई व्हत."

संध्याकाळी घरच्या माणसांत गजेंद्रने माझा कॅमेरा टीव्हीला जोडला. "पाहू त काय काय आलं," म्हणाला. मी कोपऱ्यात बसलो. अंगाला अजून हिंगाचा वास येत होता.

पहिला फोटो! शीलाआत्या. गळा काढून सगळ्यांत जास्त रडल्या होत्या त्या. फोटोत त्या कुणाच्या तरी लुगड्याकडे बघून गोड हसत होत्या.

दुसरा फोटो. महाराज, हातात दक्षिणेचं पाकीट. प्रसन्न!

तिसरा. तिरोडीचे दोन म्हातारे, एकमेकांच्या कानात, बोळकी उघडून. चौथा. पवन, मोबाईलमध्ये बघून लाजतोय.

"कोन होतं रे मोबाईलमदे?" सासूबाईंनी विचारलं. पवन पाणी प्यायला गेला.

मामाजींचा चेहरा लाल झाला. "माह्या बापाच्या तेरवीत एवढे लोक दात काढून राह्यले होते? आन जवाईबापू, तुमी हुडकू हुडकू ह्याहिचेच फोटो काढले?"

रडणाऱ्या शंभर माणसांत हसणारा एकेक माणूस माझ्या कॅमेऱ्याने वेचून काढला होता! मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. गजेंद्रने कॅमेरा हातात घेऊन उलटसुलट केला, मोबाईलमध्ये काहीतरी शोधलं आणि कपाळावर हात मारला.

"महेंद्रभाऊ, तुमी हसरा चेहरा दाबला ना? ह्याच्यात समोरचा माणूस हसला तरच फोटो निघते! पहिले द्यायचे अशी सोय. नव्यात काढून टाकली."

का काढून टाकली असेल, ते मी सांगू शकतो. कुणीतरी कंपनीला तेरवीचे फोटो पाठवले असणार.

"बंद करा थे," मामाजी म्हणाले. गजेंद्रने बंद करायला बटण दाबलं, पण जपानी बटण! बंद व्हायच्या ऐवजी शेवटचा फोटो आला.

मामाजी आणि काका. मामाजींचा हात काकांच्या खांद्यावर, पगडी कानावर आलेली. काकांच्या डोळ्यांत पाणी, दोघांची तोंडं उघडी, दोघांचा तोच एक पुढचा दात पडलेला. मागे हार घातलेले आबा. आणि उजव्या कोपऱ्यात आकाशाकडे निघालेले दोन पाय, मठ्ठ्याने माखलेले.

मंजुषाने तोंडावर पदर धरला.

"लहानपनी असाच हासे थो," मामाजी टीव्हीजवळ सरकत म्हणाले. मग पवनला हाक मारली. "पवन, काकाले बलावून आन. म्हणा, फोटो पाह्याले बलावलं. चहाही पेजा म्हणा."

काका आले. फोटो पाहिला, पुन्हा पाहिला, चहा प्यायले. झाडाचा विषय कुणी काढला नाही. झाडाचा वाद आजही मिटलेला नाही, पण आता ते तो वाद समोरासमोर बसून घालतात, मी मध्ये लागत नाही.

मंजुषाला तिचा फोटो मिळाला. तिने मला जन्मभर काही मागायचं नाही हे वचन आठवडाभर पाळलं. फोटो मोठा करून दोन्ही घरांत लावलाय. मी तो कापून फक्त दोघा भावांपुरता ठेवावा असं सुचवून पाहिलं, पण मामाजी म्हणाले, "मंग त्यात मजा काय राह्यली?" कुणीही पाहुणा आला की आधी विचारतो, "हे पाय कोणाचे?" आणि सासूबाई अभिमानाने सांगतात, "आमच्या बालाघाटच्या जवायाचे." फोटोत न हसणारा एकटा मीच आहे, पण पायांवरून ते कळत नाही.

पुढच्या महिन्यात धाकट्या मेहुणीचं, खुशीचं, लग्न आहे. परवा मामाजींचा फोन आला. आता आपल्या कॅमेऱ्याला मान मिळणार, म्हणून मी तो पुसून, बॅटरी भरून, तयारच ठेवला होता.

"जवाईबापू, सुखराम सहकुटुंब यिऊन राह्यला," मामाजी म्हणाले. "तुमचा थो कॅमेरा आनजा बरं आठवणीनं!"

"हौ मामाजी! नक्की आनतो!" माझी छाती फुगली.

"पण फोटो गजेंद्रराव काढतीन. तुमी फक्त येळेवर पडजा."