चूक मदरबोर्डाची

मास्तरीणबाईंच्या कॉम्प्युटरची हार्ड डिस्क भरली, तेव्हा त्यांच्या अनुवादाची शेवटची प्रकरणं राहिली होती आणि प्रकाशकाला पुस्तक महिनाअखेर हवं होतं. बाईंना फक्त जागा हवी होती. पण नवरा पडला निवृत्त गणितमास्तर. तो साधी गोष्ट साधी राहू देईल तर शपथ!

"साटाची डिस्क न्या, सर," दुकानदार म्हणाला. "केबल लावली की झालं. तुमच्या जुन्या मशिनला हीच चालते."

"आणि ही पट्टी कसली?"

"ती एनव्हीएमई. कितीतरी पट वेगवान. पण तिला बोर्डावर वेगळी खाच लागते. तुम्हाला नाही चालणार."

"हीच द्या!" मास्तर कडाडले. मला चालणार नाही म्हणजे काय?

घरी येऊन कॅबिनेट उघडलं. बॅटरी मारून कानाकोपरा धुंडाळला, पण खाच काही सापडेना.

"अहो, बदलून आणा ना," बाई म्हणाल्या.

"का म्हणून? डिस्क बरोबर आहे. चूक मदरबोर्डाची आहे!"

झालं! नवा मदरबोर्ड आला. त्यावर जुना प्रोसेसर बसेना, म्हणून प्रोसेसर आला. जुनी रॅम बसेना, म्हणून रॅम. मग जुना मॉनिटर जोडता येईना आणि जुनं कॅबिनेट अपुरं पडू लागलं. निघालेला एकेक भाग मास्तर "भंगार!" म्हणत जिन्याखाली टाकत होते. जुनी डिस्क तेवढी बाईंनी त्यांच्या हातातून हिसकावून घेतली.

"माझं पुस्तक आहे त्यात!"

"अगं, वेग आला की चुटकीसरशी होईल पुस्तक."

"अनुवाद मी करते, डिस्क नाही करत!"

अखेर एकदाचं नवं मशिन जोडून झालं. बटण दाबताच डोळ्याचं पातं लवायच्या आत चालू! मास्तरांची छाती फुगली. "ये, कर तुझं पुस्तक!"

"कालच पाठवलं."

"कशावर केलंस?"

बाईंनी मागच्या खोलीचं दार उघडलं. जुना बोर्ड, जुनी रॅम, जुना मॉनिटर, सगळं भंगार एकत्र येऊन मजेत घरघरत होतं.

"तुम्ही टाकायचात, मी दुकानात न्यायचे. त्यांनी जोडून दिलं आणि माझ्या जुन्या डिस्कच्या जोडीला साटाची डिस्क लावली. आता याला हात लावायचा नाही, सांगून ठेवते!"

मास्तर निमूटपणे नव्या मशिनपुढे येऊन बसले. त्यावर करायला काही कामच नव्हतं, म्हणून त्यांनी बुद्धिबळाचा डाव मांडला. कपातला चहा निवायच्या आत कॉम्प्युटरनं त्यांना मात दिली.

"ए, वेग बघितलास?" मास्तर तिथूनच ओरडले.