सूर जुळेना

दंतवैद्य जावईबापूंनी पुन्हा बेल दाबली आणि आतल्या सोफ्यावर सासऱ्यांची दुपारची झोप पार उडाली.

संध्याकाळी सासूबाईंचा वाढदिवस होता. त्या गाणार आणि जावईबापू युकुलेलेवर, म्हणजे त्या इवल्याशा गिटारीवर, साथ करणार, असा बेत होता. फक्त सासऱ्यांना त्याचा पत्ता लागू द्यायचा नव्हता. सारी धडपड त्यांच्याचसाठी होती. आयुष्यभर वजनमापं तपासल्यामुळे ते शब्दही तोलूनमापूनच वापरत. लग्नापासून जावयाच्या वाट्याला आलं होतं ते फक्त ‘बरं’. आज एक ‘वा’ मिळावा, एवढीच बिचाऱ्याची इच्छा.

पण युकुलेलेच्या तारा उतरलेल्या. सूर लावायचं ट्यूनरचं ॲप बायकोच्या फोनमध्ये, आणि बायको आईला घेऊन केक आणायला गेलेली. जाताना ती कानात सांगून गेली होती, “शेवटची तार आमच्या बेलच्या सुरात लाव. मग तिच्यावरून बाकीच्या लागतील.” म्हणून जावईबापू दाराबाहेर उभे राहून बेल दाबत होते आणि खुंटी पिळत होते.

दार उघडलं. जावईबापूंनी युकुलेले पाठीमागे लपवलं.

“तुम्ही? बाहेर का? आत या ना.”

“नको बाबा. आधी सूर जुळू दे,” जावईबापूंच्या तोंडून निघून गेलं.

सासरे चपापले. “जुळत नाही म्हणता?”

“कधीचा प्रयत्न करतोय. जरा जवळ आल्यासारखं वाटतं, की पुन्हा लांब.”

सासऱ्यांना वाटलं, जावई रुसलाय, आणि तोही ऐन वाढदिवसाला! “जावईबापू,” ते काकुळतीने म्हणाले, “तुटेपर्यंत ताणू नये.”

यांना तारांमधलंही कळतं! जावईबापूंनी पाठीमागच्या पाठीमागे खुंटी चांगली ढिली केली. “दिलं सोडून, बाबा.”

“मन मोठं आहे तुमचं!” सासरे म्हणाले. “चूक माझीच. तुम्ही बसवलेल्या कवळीनं मी कडक दाणे फोडतो, हे सगळ्या गल्लीला सांगितलं. तुम्हाला तेवढं सांगायचं राहून गेलं.”

जावईबापूंची छाती आनंदाने भरून आली. सासऱ्यांनी हाताला धरून त्यांना आत नेलं आणि स्वतः चहा केला. आता पुन्हा बाहेर जाऊन बेल दाबायची कोणत्या तोंडाने?

संध्याकाळी सगळे जमले. सासूबाईंनी आलाप घेतला, जावईबापूंनी युकुलेले छेडलं आणि त्या पहिल्याच ओळीला थांबल्या.

“जावईबापू, सूर जुळत नाहीये हो.”

सासरे ताडकन उठले. “जुळत नाही म्हणजे? दुपारीच जुळलाय! चहासुद्धा झालाय! तुम्ही वाजवा हो, बघतोच कोण काय म्हणतं ते.”

जावईबापूंनी भीत भीत शेवटची तार छेडली. ती बेडकासारखी ‘डरांव’ करून वाजली.

“वा!” सासरे म्हणाले.