आंधळगावचे एकोणीस रुग्ण

पुरुषाला उतारवयात दोन गोष्टी सोडून जातात: डोक्यावरचे केस आणि लघवीची धार. पहिलीचं दुःख सारं गाव वाटून घेतं, दुसरीचं ज्याचं त्याला. (शासनाने यात अद्याप लक्ष घातलेलं नाही.)

आंधळगावच्या सोमाजींना दुसरी गोष्ट सोडून चालली होती. पोटाखाली सुपारीएवढी एक गाठ असते, तिला प्रोस्टेट म्हणतात, ती म्हातारपणी फुगते आणि वाट अडवून बसते, हे त्यांना भंडाऱ्याच्या एका धर्मादाय दवाखान्यात कळलं. कळेपर्यंत एकदा पाणी पूर्ण अडलं होतं आणि नळी घालावी लागली होती. त्या नळीचं वर्णन सोमाजी करत नाहीत. तिचा विषय निघाला की ते बसल्या जागेवरून उठून उभे राहतात. तेव्हापासून रोज एक गोळी, आणि खंड पडू द्यायचा नाही. गेले चौदा महिने सोमाजी भंडाऱ्यापर्यंत एस.टी.ने मध्ये कुठेही न उतरता जात होते. उतारवयात याहून मोठं सुख कोणाला माहीत असल्यास कळवावं.

त्यांचा पुतण्या मोनू वरठीच्या कारखान्यात कामाला. वय एकोणतीस, नोकरी पक्की, निर्व्यसनी, आणि कपाळ थेट टाळूपर्यंत. तीन ठिकाणच्या पाहुण्यांनी त्याला बघून एकच प्रश्न विचारला होता, की नवरदेव कधी येणार. अशा खचलेल्या मोनूला मोबाईलवर बातमी दिसली. कुठल्याशा देशातले शास्त्रज्ञ म्हणे विचारात पडले होते की म्हाताऱ्यांच्या या गाठीवरचं औषध टकलावर चालेल काय? बातमीच्या शेवटी प्रश्नचिन्ह होतं. ते वरठीच्या रेल्वे फाटकाजवळ कुठेतरी पडलं. गावात पोचली ती नुसती बातमी.

पुरावा गावातच होता. सोमाजींच्या डोक्यावर सत्तरीला आले तरी दाट केस. ते पन्नास वर्षांपूर्वीही तितकेच दाट होते आणि गोळी चौदा महिन्यांपूर्वीची, पण पुरावा समोर उभा असताना तारखा तपासत बसणं शास्त्रीय वृत्तीला शोभत नाही. चंद्रकुमार मास्तरांनी (टोपी घालण्याला अकरा वर्षं पूर्ण) पानठेल्यावर पाहणी केली. पूर्ण टकले सव्वीस, अर्धे एकतीस, मान्य न करणारे चौदा. पैकी उपचाराला तयार एकोणीस.

अडचण एकच होती. दवाखाना गोळी दुखणेकऱ्यालाच देत असे. म्हणून एका सकाळी एकोणीस जण सोमाजींच्या अंगणात बसले.

"काकाजी, तिथं का सांगाव लागते?" मोनूने विचारलं.

"जे होते ते सांगाव. दुसरं का?"

"आमाले तं काईच होत नाही ना."

"मंग दवाखान्यात कायले जाता बाप्पा?" सोमाजींची बायको उषाबाई दारातून म्हणाली. "मोकळे होऊन राहिले, तं घरी बसा ना."

हा आक्षेप तांत्रिक मुद्द्यावर फेटाळण्यात आला.

सोमाजींनी नकार द्यायला हवा होता. पण चौदा महिन्यांत त्यांचं दुखणं पूर्ण ऐकून घेणारा एकही माणूस त्यांना भेटला नव्हता. मुलगा ऐकताना मोबाईल बघे, शेजारी गाय बांधायला उठे. आणि आज एकोणीस माणसं वह्या उघडून बसली होती. सोमाजींनी खाकरून घसा साफ केला.

"लिहा. धार तुटते जी. उभं राहून राहून पाय भरून येतात. अन् झाल्यावर वाटते का अजून रायलंच आहे."

"पाय भरून येतात," एकोणीस जणांनी लिहिलं. मास्तरांनी दोनदा म्हणवून घेतलं. मोनूने सोमाजींचा दवाखान्याचा कागद नमुना म्हणून मागून नेला.

दवाखान्याने एकोणीस जणांना गोळ्या दिल्या. सर्वांत लहान रुग्ण चोवीस वर्षांचा होता. एवढ्या कोवळ्या वयात एका गावात एवढी पीडा बघून दवाखान्याने तळ्याच्या पाण्याचा नमुना तपासायला नेला. पाणी निर्दोष निघालं. (माणसांचा नमुना नेण्याची पद्धत नाही.)

दोन महिन्यांनी उपचाराचा आढावा घेण्यात आला. मास्तरांच्या डाव्या कानामागे दोन केस आढळले. ते लग्नापासूनचे आहेत असं त्यांच्या पत्नीचं म्हणणं पडलं, पण त्या संबंधित असल्याने त्यांची साक्ष धरली नाही. प्रगती समाधानकारक ठरली.

त्याच आठवड्यात सोमाजींच्या गोळ्या संपल्या. कागद मोनूकडून परत आला नव्हता, म्हणून ते तसेच भंडाऱ्याला गेले. खुर्चीत नवीन डॉक्टरीणबाई होत्या.

"गाव?"

"आंधळगाव."

बाईंनी पेन खाली ठेवला. "सांगा, काय होतं?"

"धार तुटते जी. उभं राहून राहून..."

"पाय भरून येतात. आणि झाल्यावर वाटते का अजून राहिलंच आहे."

सोमाजींना भरून आलं. अर्ध्या वाक्यात दुखणं ओळखणारी डॉक्टर त्यांनी आजवर पाहिली नव्हती.

गावच्या एकोणीस टकल्यांकडून हेच वाक्य ऐकून बसलेल्या बाई त्यांच्या केसांकडे बघत होत्या. "गोळी चांगलीच लागू पडलेली दिसते, आजोबा."

"लय गुण आला जी," सोमाजी मनापासून म्हणाले.

बाईंनी कागदावर लिहिलं: 'केसांसाठी घेतात. देऊ नये.' आणि पुढच्याला हाक मारली.

तिसऱ्या दिवशी धार तुटू लागली. सोमाजी एका गोळीसाठी गावात फिरले. मास्तर म्हणाले, "काकाजी, मधातच सोडलं तं आलेले केस बी जातात म्हंते." आणखी तिघे म्हणाले, कालच संपल्या. मोनूकडे अख्खं पाकीट होतं.

"रविवारले पाहुने येऊन राहिले, काकाजी. तेवढा रविवार होऊ द्या."

"रविवारपर्यंत मी का करू गा?"

"थोडं पानी कमी प्या ना," मोनू म्हणाला आणि आरशाकडे वळला.

उषाबाईने पुतण्याला शिव्या दिल्या आणि नवऱ्याला त्याहून जास्त. मग ती रिक्षा बघायला चौकात गेली. सोमाजी घरामागच्या भिंतीला हात टेकून उभे राहिले. त्यांचे पाय भरून आले होते, पण ते लिहून घ्यायला कोणी नव्हतं.

ते अजून तिथेच उभे आहेत. रिक्षा मिळाली का, पुन्हा नळी लागली का, म्हातारा मोकळा झाला का, यातलं काही विचारायचं तुमच्या डोक्यात आलं नाही. तुम्ही मघापासून गोळीचं नाव शोधत आहात. ते मुद्दाम लिहिलेलं नाही. (डोक्यावरचा हात खाली घ्या.)